बर्फावरची नोकरी : व्यावसायिक आइस हॉकीपटूच्या कारकिर्दीविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात आइस हॉकीविषयीची पत्रे एकदम वाढलेली दिसली. त्यांतील बरीचशी परदेशात वाढणाऱ्या नातवंडांच्या निमित्ताने लिहिलेली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न (एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली) : माझा मुलगा बरीच वर्षे कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगा शहरात राहतो. चौदा वर्षांचा नातू पहाटे उठून रिंकवर सरावाला जातो आणि आता ‘मला व्यावसायिक आइस हॉकीपटूच व्हायचे आहे’ असे म्हणतो. मुलाला व सुनेला त्याचा अभिमान आहे आणि धास्तीही आहे. क्रिकेटमधल्या मुलाची वाट आम्हांला साधारण ठाऊक असते. या खेळात मुलगा कोणकोणत्या पायऱ्या चढतो आणि मधल्या काळात त्याच्या शिक्षणाचे काय होते?

उत्तर : आपल्या नातवाच्याच शहरात १९८० साली जन्मलेले मॅनी मल्होत्रा नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ९९१ सामने खेळले. वडील भारतीय वंशाचे, आई फ्रेंच भाषक कॅनेडियन. वेन ग्रेट्झ्की किंवा सिडनी क्रॉस्बी यांच्या कारकिर्दी कितीतरी अधिक झळाळत्या आहेत. परंतु ज्या घरातला मुलगा हा खेळ पोटापाण्यासाठी खेळण्याचा विचार करतो आहे, त्या घराने मल्होत्रा यांची कारकीर्द आधी पाहावी असे मला मनापासून वाटते. निवड, घसरण, बदली, दुखापत, पुनरागमन आणि निवृत्तीनंतरचे दुसरे काम, हे या व्यवसायातले जवळजवळ सगळे टप्पे तिच्यात आहेत. म्हणूनच पुढच्या उत्तरांतही त्यांचाच दाखला पुन्हा पुन्हा येईल.

ओंटारिओ प्रांतात लहान मुलांच्या संघांच्या प्रती ठरलेल्या असतात आणि त्यांत सर्वांत वरची प्रत ‘ट्रिपल-ए’ समजली जाते. त्या प्रतीच्या संघांतून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची निवड ओंटारिओ हॉकी लीगचे संघ करतात. पश्चिम कॅनडात आणि क्वेबेककडे अशाच आणखी दोन लीग आहेत, आणि या तिन्ही मिळून कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजेच वरिष्ठ कुमार गटाची मुख्य पायरी होते. ज्या संघाने मुलाला निवडले त्या संघाच्या गावी त्याला जावे लागते. तिथे तो एखाद्या यजमान कुटुंबाकडे राहतो, त्यांच्याकडे जेवतो, तिथल्याच शाळेत जातो आणि संध्याकाळी सामना खेळून बसने रात्री उशिरा परततो. सोळाव्या वर्षी मूल घराबाहेर पडते हे बहुतेक मराठी आईवडिलांना सर्वांत जड जाते, आणि त्याची तयारी निवडीच्या पत्राची वाट न पाहता दोन वर्षे आधीच करायला हवी. मल्होत्रा सोळाव्या वर्षी ग्वेल्फ येथील संघात गेले. त्यांच्यासाठी ते गाव घरापासून फार दूर नव्हते, पण सगळ्यांनाच असे जवळचे गाव मिळत नाही.

पुढची पायरी एनएचएलच्या वार्षिक निवडीची. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा वर्षे पूर्ण होतात तो मुलगा पात्र ठरतो. ३२ संघ, सात फेऱ्या, म्हणजे साधारणपणे २२४ मुले. नाव पुकारले गेले म्हणजे नोकरी लागली असा समज आपल्याकडे सहज होतो, तो मनातून काढून टाकावा. निवड झाल्यामुळे फक्त एवढेच ठरते की करार करायचा झाल्यास तो कोणत्या संघाशी करायचा. निवडलेल्यांपैकी पुष्कळ मुले एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत. याच्या उलटही घडते. अर्शदीप बैन्स या पंजाबी वंशाच्या खेळाडूला कोणत्याही संघाने निवडले नव्हते; पश्चिमेकडील लीगमध्ये २०२१-२२ च्या हंगामात तो सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवणारा ठरला, त्यानंतर व्हँकुव्हरने त्याच्याशी करार केला आणि २०२४ साली तो एनएचएलमध्ये उतरला.

मल्होत्रा यांना १९९८ साली न्यूयॉर्क रेंजर्सने पहिल्या फेरीत सातव्या क्रमांकावर निवडले. त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या आणि अठराव्या वर्षीच ते थेट एनएचएलच्या संघात गेले. ग्रेट्झ्कींचा तो अखेरचा हंगाम होता, म्हणजे शेजारच्या खुर्चीवर या खेळातला सर्वांत मोठा माणूस कपडे बदलत होता. त्या हंगामातील ७३ सामन्यांत मल्होत्रा यांनी ८ गोल केले. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांना नियमित खेळवले गेले नाही. एकाच हंगामात ते रेंजर्सच्या संघात, पुन्हा ग्वेल्फच्या कुमार संघात आणि शेवटी हार्टफर्डच्या दुय्यम व्यावसायिक संघात खेळले. सातव्या क्रमांकावर निवडलेल्या मुलाची ही गत होते, तेव्हा दीडशेव्या क्रमांकावर निवडलेल्याने किती धीर धरावा लागेल याची कल्पना येईल. त्या वर्षी हार्टफर्डने अमेरिकन हॉकी लीगचा काल्डर चषक जिंकला. माझ्या मते त्या उतरणीनेच मल्होत्रा यांना पुढची सोळा वर्षे तारले, कारण आपण गोलांचा पाऊस पाडणारे खेळाडू होणार नाही हे त्यांना लवकर कळले.

शिक्षणाबाबत एक गोष्ट अलीकडेच बदलली आहे आणि ती आपल्या मुलाला अवश्य कळवावी. पूर्वी कॅनेडियन हॉकी लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकन विद्यापीठांच्या प्रथम विभागात खेळता येत नसे, कारण विद्यापीठांच्या नियमांनुसार ती लीग व्यावसायिक धरली जाई. त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कुटुंबाला दोन वाटांपैकी एक कायमची सोडावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलण्यात आला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून कुमार लीगमधून विद्यापीठात जाणे शक्य झाले आहे. शिवाय कॅनेडियन लीगचे संघ खेळलेल्या हंगामांच्या हिशेबाने महाविद्यालयीन शिष्यवृत्ती देतात. तिच्या अटी, विशेषतः व्यावसायिक करार केल्यास ती कधी संपते, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : मी मुलीकडे कॅल्गरीला असताना नातवाचे सामने पाहिले. तो फारसे गोल करीत नाही, पण प्रशिक्षक म्हणतात की तो ‘उपयोगी’ आहे. हा शब्द पालकांच्या समाधानासाठी वापरतात की खरोखरच अशा खेळाडूला पुढे जागा असते?

उत्तर : असते, आणि दीर्घकाळ असते. या प्रश्नाचे उत्तर मला थोडे सविस्तर द्यायचे आहे, कारण दूरदर्शनवर हा खेळ पाहणाऱ्याच्या नजरेतून नेमका हाच भाग निसटतो.

सामन्याला प्रत्येक संघाचे वीस खेळाडू सज्ज असतात, त्यांत दोन गोलरक्षक. बारा आघाडीच्या खेळाडूंच्या तिघा-तिघांच्या चार तुकड्या करतात आणि त्यांना ‘लाइन’ म्हणतात. एक लाइन बर्फावर साधारण पाऊण मिनिट असते. तेवढ्यात जीव तोडून धावायचे, मग कठड्यावरून उडी मारून बाकावर यायचे आणि दुसरी लाइन उतरायची. पहिल्या दोन लाइनींवर गोल करण्याची जबाबदारी असते. उरलेल्या दोघींवर प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम खेळाडूंना रोखणे, आपला एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना चार जणांनी पाच जणांना थोपवणे, आणि आपल्या गोलासमोर फेस-ऑफ जिंकणे ही कामे येतात.

फेस-ऑफ म्हणजे खेळ थांबल्यावर तो पुन्हा सुरू करण्याची रीत. दोन संघांचे मध्यस्थानी खेळणारे खेळाडू समोरासमोर वाकून उभे राहतात, लाइन्समन, म्हणजे साहाय्यक पंच, मध्ये पक टाकतो आणि दोघेही ती रबरी चकती आपल्या सोबत्याकडे ओढू पाहतात. डोळे पकवर नसून लाइन्समनच्या मनगटावर असतात. स्टिकवरचा खालचा हात नेहमीपेक्षा बराच खाली सरकवलेला असतो आणि पाय इतके रुंद रोवलेले असतात की चकती निसटली तरी प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आपले अंग आडवे यावे. सगळा प्रकार एका सेकंदाच्या आत संपतो. स्वतःच्या गोलापासून काही पावलांवर तो हरला तर पुढच्या क्षणी गोलावर फटका येतो.

मल्होत्रा यांनी आपले आयुष्य या एका सेकंदावर उभे केले. २०१०-११ च्या हंगामात, व्हँकुव्हर कनक्सकडून खेळताना, त्यांनी घेतलेल्या फेस-ऑफपैकी ६१.७ टक्के जिंकले. निम्म्याहून थोडे अधिक जिंकणारासुद्धा चांगला मानला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. प्रशिक्षक आलाँ विन्यो यांनी त्या हंगामात एक व्यवस्था बसवली होती. फेस-ऑफ आपल्या गोलासमोर असला की मल्होत्रा यांची लाइन उतरायची. प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर असला की हेन्रिक आणि डॅनिएल सेडीन या जुळ्या भावांची. परिणामी सेडीन बंधूंना आपली ताकद बचावात खर्च करावी लागली नाही. डॅनिएल १०४ गुणांसह लीगमध्ये पहिला आला आणि कनक्स साखळी फेरीत अव्वल ठरले. कबड्डीत चढाईपटूचे नाव वर्तमानपत्रात येते, पण सामना पाहणारा जाणकार कोपरारक्षकाच्या पकडीवर नजर ठेवून असतो, तसेच हे आहे.

तेव्हा नातवाच्या प्रशिक्षकांना एवढेच विचारावे की तो नेमक्या कोणत्या कामाला उपयोगी आहे. त्यांनी एखादे ठोस काम सांगितले, तर त्या कामावर त्याने नेटाने मेहनत घ्यावी. उत्तर गोलमाल आले, तर काळजी करण्यास जागा आहे.

प्रश्न (एक सनदी लेखापाल, नागपूर) : या खेळातील पगाराचे आकडे वाचून डोळे दिपतात. प्रत्यक्षात ही नोकरी कितपत स्थिर असते?

उत्तर : आकडे खरे आहेत. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलमधील किमान वार्षिक वेतन ७ लाख ७५ हजार अमेरिकी डॉलर होते आणि एका संघाच्या एकूण वेतनखर्चावर ९ कोटी ५५ लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. ही मर्यादाच मधल्या फळीतील खेळाडूंच्या अस्थिरतेचे मूळ आहे. तारांकित खेळाडूंना मोठी रक्कम दिल्यावर जे उरते त्यात बाकीचा संघ बसवावा लागतो, आणि मग तिशी गाठलेल्या अनुभवी माणसापेक्षा बावीस वर्षांचा स्वस्त मुलगा संघाला परवडतो.

नवोदिताचा पहिला करार वयानुसार एक ते तीन वर्षांचा असतो आणि त्यावर लीगने घातलेली कमाल मर्यादा असते. हा करार बहुधा दुहेरी दराचा असतो: वरच्या संघात खेळलेल्या दिवसांचे वेतन एका दराने, आणि अमेरिकन हॉकी लीगमधील दुय्यम संघात घालवलेल्या दिवसांचे त्याच्या कितीतरी खालच्या दराने. संघाला अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचे असेल, तर त्याचे नाव आधी ‘वेव्हर’च्या यादीत टाकावे लागते. पुढचे चोवीस तास इतर कोणताही संघ त्याला त्याच्या करारासह उचलू शकतो. खेळाडूला विचारण्याचा प्रश्नच नसतो. दुपारी दूरध्वनी येतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात सरावाला हजर व्हावे लागते. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, भाड्याचे घर यांची व्यवस्था मागे राहिलेल्यांनी लावायची.

मल्होत्रा यांची २००२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कहून डॅलसला अदलाबदल झाली. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे नाव वेव्हरवर आले आणि कोलंबसच्या संघाने त्यांना उचलले. २००४-०५ चा सबंध हंगाम मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील वेतनाच्या वादात रद्द झाला, तेव्हा ते युरोपात जाऊन खेळले. २००९ च्या उन्हाळ्यात तर त्यांना कोणीच करार देईना. सप्टेंबरमध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, सॅन होझेने ७ लाख डॉलरवर एका वर्षासाठी घेतले. ते वर्ष उत्तम गेले आणि पुढच्याच जुलैमध्ये व्हँकुव्हरने तीन वर्षांसाठी ७५ लाख डॉलर दिले. अकरा हंगाम घालवल्यानंतर, तिसाव्या वर्षी, त्यांना आर्थिक निश्चिंती लाभली. आपण लेखापाल आहात म्हणून सांगतो: अशा खेळाडूचा सल्लागार व्हायचे झाले, तर मोठ्या कराराच्या वर्षापेक्षा त्याआधीच्या उन्हाळ्याचा हिशेब मांडून ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. करार मोठा दिसला तरी त्यातून कर, प्रतिनिधीचे मानधन आणि लीगकडे राखून ठेवली जाणारी रक्कम वजा होते, आणि उरलेल्या पैशावर पुढची चाळीस वर्षे काढायची असतात.

प्रश्न (एक गृहिणी, डोंबिवली) : भाच्याच्या खेळाचे चित्रीकरण पाहिले की छातीत धस्स होते. दुखापतीने कारकीर्द अर्ध्यावर संपली तर ही मुले पुढे काय करतात?

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि ती घालवण्यासाठी खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. पक कडक रबराची असते आणि मोठ्या खेळाडूचा फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात सहज जातो. १६ मार्च २०११ रोजी, कोलोराडोविरुद्धच्या सामन्यात, उसळलेली पक मल्होत्रा यांच्या डाव्या डोळ्यावर लागली. चेहऱ्यावर संरक्षक काच नव्हती. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, हंगाम संपला असे संघाने जाहीर केले आणि डोळा वाचतो की नाही याचीच चिंता होती. तरीही ४ जून रोजी, एनएचएलच्या विजेतेपदासाठीच्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात, संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण घालून ते बर्फावर उतरले आणि व्हँकुव्हरच्या प्रेक्षकांनी त्यांच्या नावाचा गजर केला. कनक्स ती अंतिम फेरी बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात हरले.

त्या डोळ्याची दृष्टी पूर्ववत झाली नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत संघव्यवस्थापनाने, त्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन, त्यांना उरलेल्या हंगामासाठी बाजूला केले. बाजूने येणारा धक्का त्यांना वेळेत दिसत नव्हता. स्वतः मल्होत्रा यांना खेळायचे होते. ते शार्लटच्या दुय्यम संघात केवळ चाचणीच्या तत्त्वावर गेले, तिथून कॅरोलायनाच्या एनएचएल संघात पोहोचले आणि नंतर माँट्रियलकडूनही एक हंगाम खेळले. संघाने त्यांना थांबवले ते मला बरोबर वाटते; एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या माणसाला वेगाने आदळणाऱ्या खेळाडूंमध्ये सोडण्याची जबाबदारी कोणत्याही व्यवस्थापकाने घेऊ नये. आणि तरीही, ज्या माणसाने त्यानंतर चाचणी देऊन नोकरी मिळवली, त्याच्याविषयी वाटणारा आदर शब्दांत पुरा मांडता येत नाही. २०१३-१४ पासून एनएचएलमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला चेहऱ्यावरील काच सक्तीची झाली आहे. आपल्या भाच्याच्या वयाच्या मुलांना कॅनडात संपूर्ण चेहरा झाकणारी जाळी वापरावीच लागते. मात्र डोक्याला मार लागून गरगरल्यासारखे झाले, तर सामना कितीही महत्त्वाचा असला तरी त्याने ते त्याच क्षणी सांगितले पाहिजे, हे घरातल्या मोठ्यांनी त्याच्या मनावर पक्के बिंबवावे. एनएचएलमध्ये खेळलेले पहिले भारतीय वंशाचे खेळाडू रॉबिन बावा १९८९ साली वॉशिंग्टनकडून उतरले, चार संघांकडून एकूण ६१ सामने खेळले, आणि पुढे दुय्यम लीगमध्ये खेळत असताना डोक्याच्या दुखापतीमुळेच त्यांची कारकीर्द थांबली.

निवृत्तीनंतरच्या कामाविषयी : मल्होत्रा यांनी २०१६ मध्ये व्हँकुव्हरकडेच तरुण खेळाडूंना घडवण्याचे काम घेतले, मग तिथे आणि टोरांटोत साहाय्यक प्रशिक्षक झाले आणि २०२४ मध्ये अ‍ॅबट्सफर्डच्या, म्हणजे व्हँकुव्हरच्या दुय्यम, संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात, जून २०२५ मध्ये, त्या संघाने काल्डर चषक जिंकला. अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी शार्लटच होता आणि विजयी संघात वर उल्लेखलेला अर्शदीप बैन्सही होता. ज्याने संघातले दुय्यम मानले गेलेले काम मन लावून केले, त्याला इतरांना शिकवण्याजोगे पुष्कळ साठलेले असते. अर्थात प्रशिक्षकपदे मोजकी असतात. बाकीचे पंच होतात, गुणशोधक होतात, अग्निशमन दलात किंवा घरबांधणीच्या व्यवसायात जातात, नाहीतर तिसाव्या वर्षी पुन्हा महाविद्यालयात बसतात.

प्रश्न (एक आजोबा, कोल्हापूर) : हे सारे मुलांचे झाले. माझी नात खेळते, तिला वाव आहे का?

उत्तर : आहे, आणि तो नुकताच निर्माण झाला आहे. १ जानेवारी २०२४ रोजी प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा पहिला सामना टोरांटोत झाला. सहा संघांनी सुरुवात झाली आणि २०२५-२६ च्या हंगामात सिअ‍ॅटल व व्हँकुव्हर धरून आठ संघ झाले. वेतन पुरुषांच्या तुलनेत फारच कमी आहे. पहिल्या हंगामातील किमान वेतन ३५ हजार डॉलर होते. म्हणून मुलींनी विद्यापीठाची वाट धरून पदवी पूर्ण करणे हेच आज शहाणपणाचे आहे.

प्रश्न (एक पालक, नाशिक) : आमची मुलगी रोलर स्केटिंगमध्ये राज्य पातळीवर खेळते. भारतात राहून आइस हॉकीत कारकीर्द होऊ शकते का?

उत्तर : पगारी लीग म्हणून आज नाही. भारतात हा खेळ खऱ्या अर्थाने लडाखचा आहे, जिथे हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर तो गावोगाव खेळला जातो आणि सेना व भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे संघ खेळाडूंना नोकरी देतात. महिलांच्या राष्ट्रीय संघातील बहुतेक मुली तिथल्याच आहेत. २०१७ साली बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि २०२५ मध्ये आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. बर्फ जेमतेम दोन महिने मिळत असताना त्यांनी हे केले, आणि त्यांच्याविषयी आपल्या मराठी वृत्तपत्रांत इतके थोडे छापून येते याचे मला वाईट वाटते.

आपल्या मुलीचा तोल, कडांवरचे वळण आणि वेग या गोष्टी रोलरवरून बर्फावर पुष्कळशा उपयोगी पडतात. थांबण्याची पद्धत मात्र पूर्ण वेगळी असल्याने ती नव्याने शिकावी लागते. महाराष्ट्राच्या स्केटरांनी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत बर्फावरील शर्यतींत पदके मिळवली आहेत, ती बहुतेक याच वाटेने. देहराडूनची बंदिस्त रिंक दीर्घकाळानंतर पुन्हा सुरू झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे किंवा हिवाळ्यात लेह येथे शिबिर होते का, याची राज्य संघटनेकडे चौकशी करावी. पहिल्या वर्षी महागडे बूट विकत घेऊ नयेत; मुलीच्या पायाची वाढ संपेपर्यंत भाड्याचे किंवा वापरलेले, पण धार नीट लावलेले बूट पुरेसे आहेत.